मेणाच्या डब्यातला तुकडा

एक कोडं घालते. एका मुलीच्या डोक्यात गाठ होती. डॉक्टरांनी ऑपरेशन करून ती सगळीच्या सगळी काढली. नंतर मशीनमध्ये घालून फोटो काढला तर आत काही नाही, एकदम स्वच्छ. तरीही त्या मुलीच्या अख्ख्या डोक्यावर आणि पाठीच्या कण्यावर सहा आठवडे किरण सोडायचे म्हणतात. का?

सुटलं? मला नव्हतं सुटलं. आणि ज्यांना सुटलं होतं ते मला सांगायला तयार नव्हते, कारण मी बारा वर्षांची. "तू लहान आहेस," म्हणे! अहो, ती मुलगी माझी सख्खी बहीण आहे, आठ वर्षांची. तिने किरण घेतलेले चालतात आणि मी कारण ऐकलेलं चालत नाही? या एका वाक्याची मला इतकी चीड आहे की काय सांगू.

माझं नाव रुमाना, बहिणीचं मिस्बा. आम्ही मिरजेचे. आमच्या घरात पुढच्या खोलीत तंबोरे बनतात आणि मागच्या खोल्यांत आम्ही राहतो. हल्ली भोपळा कापणं, लाकूड कोरणं, रंग चढवणं ही कामं यंत्रं करतात. जवारी मात्र अजून हातानेच काढावी लागते. तंबोऱ्याच्या तारा हाडाच्या ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. ती पट्टी कानशीने अगदी हलक्या हाताने घासायची, तार छेडून ऐकायचं, पुन्हा घासायचं, पुन्हा ऐकायचं. बरोबर जमलं की तार घुमायला लागते. एक हात जास्त पडला तर आवाज बसतो, आणि घासून गेलेलं परत चिकटवता येत नाही. याला म्हणतात जवारी काढणं.

हे काम आमचे आजोबा करतात. त्यांना सगळा मोहल्ला उस्ताद म्हणतो, म्हणून आम्हीही उस्तादच म्हणतो. त्यांचं वय झालंय, बारीक आवाज कमी ऐकू येतात. म्हणून गेली दोन वर्षं मिस्बा शेजारी बसायची. ती "अजून" म्हणाली की घासायचं आणि "बस" म्हणाली की थांबायचं. घरात तिच्यासारखा कान कुणाचा नाही. माझा तर मुळीच नाही, हे मी कबूल करते.

तर त्या शुक्रवारी आम्ही गावातल्या दवाखान्यात गेलो होतो, मिस्बाचा मुखवटा बनवायला. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीची पट्टी चेहऱ्यावर ताणून बसवतात, गार झाली की ती कडक होते. मग रोज किरण देताना तोच मुखवटा टेबलाला अडकवतात, म्हणजे डोकं केसभरही हलत नाही. मिस्बा आत होती. अम्मी तिच्याजवळ, अब्बू डॉक्टरांच्या खोलीत, आणि मी बाहेर बाकावर टिकलीबरोबर.

टिकली हा दवाखान्यातला यंत्रमानव आहे. तिच्या कपाळावर लाल गोल दिवा आहे, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. मी तिला माझं कोडं घातलं.

"फोटोत दिसत नाही याचा अर्थ तिथे काहीच नाही असा होत नाही," टिकली म्हणाली. "मेंदू आणि पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू एकाच पाण्यात भिजलेले असतात. त्याला मेंदूजल म्हणतात. मिस्बाची गाठ मेड्युलोब्लास्टोमा (लहान मेंदूत होणारा कर्करोग) या जातीची होती. तिच्यातल्या काही पेशी सुटून त्या पाण्यातून कुठेही जाऊन बसू शकतात. त्या इतक्या बारीक की फोटोत येत नाहीत. म्हणून किरण सगळीकडे द्यावे लागतात."

बघा! एवढंसं उत्तर. हे सांगायला घरातल्यांना काय जड जात होतं?

"किरण काय करतात?" मी विचारलं.

"पेशीच्या आत डीएनए असतं, म्हणजे पेशीने कसं वागायचं त्याच्या सूचनांची लांब साखळी. किरण ती साखळी तोडतात. मग पेशीला एकाच्या दोन होता येत नाही आणि ती मरते."

"आणि मिस्बाच्या चांगल्या पेशी?"

"त्यांचीही साखळी तुटते. त्यांना ती पुष्कळशी सांधता येते, पण सगळी नाही. आणि आठ वर्षांच्या मेंदूत अजून बांधकाम चालू असतं." इथे तिचा लाल दिवा दोनदा लुकलुकला. "यापुढची माहिती लहान मुलांना देण्याची परवानगी नाही."

झालं. माझं डोकंच फिरलं. मी उठले आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीचं दार ढकललं.

डॉक्टर उपाध्ये मॅडम अब्बूंना सांगत होत्या, "...शिकण्याचा वेग कमी होऊ शकतो. नवीन गोष्ट लक्षात राहायला वेळ लागतो. पाठीची हाडं कमी वाढतात, म्हणून उंचीही कमी राहते. आणि कानाच्या आतल्या भागाला..."

"कानाला काय?" मी ओरडले.

"रुमाना, बाहेर जा," अब्बू म्हणाले.

"राहू द्या तिला," मॅडम म्हणाल्या. "बस गं. कानाला इजा होऊ शकते. बारीक आवाज आधी जातात. होईलच असं नाही, पण जितके किरण जास्त तितकी भीती जास्त."

समोर मिस्बाचं कार्ड होतं. त्यावर लिहिलं होतं, डोकं आणि कणा: २३ ग्रे. ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं माप, दुधाला लिटर तसं.

"मग कमी करा ना!" मी टेबलावर हात आपटला. "हा आकडा काय दगडावर कोरलाय? आठ वर्षांची आहे ती. कान गेला तर काय करायचं तिने?"

अब्बूंनी मान खाली घातली. मॅडमना मात्र राग आला नाही.

"पूर्वीच्या डॉक्टरांना तुझ्यासारखाच संताप आला होता," त्या म्हणाल्या. "त्यांनी लहान मुलांची मात्रा सरसकट कमी करून पाहिली. काही मुलं छान राहिली. काहींची गाठ परत आली. आणि परत आलेल्या गाठीपुढे आमचं फारसं काही चालत नाही, रुमाना. मात्रा जास्त झाली तर मूल मागे पडतं आणि कमी पडली तर मूल हातचं जातं."

हे ऐकून माझा आवाज जरा खाली आला. "मग कुणाची कमी केलेली चालेल, ते कसं कळतं?"

"हा खरा प्रश्न. सूक्ष्मदर्शकाखाली (बारीक गोष्ट मोठी करून दाखवणाऱ्या यंत्राखाली) या सगळ्या गाठी सारख्याच दिसतात. म्हणून पुष्कळ वर्षं सगळ्यांना एकच समजलं गेलं. डीएनए वाचता यायला लागल्यावर कळलं की त्यांचे मुख्य चार प्रकार आहेत. त्यातल्या एका प्रकाराला 'विंट' म्हणतात. तो उपचारांपुढे लवकर हार मानतो. गाठ नीट निघाली असेल आणि प्रकार विंट असेल, तर आता आम्ही तेवीसऐवजी अठरा देतो. कितीतरी देशांतल्या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून, मोजूनमापून ठरलेला आकडा आहे तो. कुणाच्या दयेतून आलेला नाही."

"मिस्बाचा प्रकार कोणता?"

"माहीत नाही. तपासायला गाठीचा तुकडाच आमच्याकडे आलेला नाही."

मी अब्बूंकडे पाहिलं. अब्बूंचा चेहरा पांढरा पडला होता.

मॅडमनी समजावून सांगितलं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवून ठेवतात, म्हणजे तो वर्षानुवर्षं टिकतो. मिस्बाचं ऑपरेशन पुण्याला झालं. तिथून तो ठोकळा पाकिटात घालून अब्बूंच्या हातात दिला होता, इकडे आणून द्यायला. पुण्याला उरलेला भाग बाकीच्या तपासण्यांत संपला. म्हणजे होता तो एवढाच.

"पिवळं पाकीट," अब्बू पुटपुटले. "मॅडम, मी ते घरी उस्तादांच्या हातात दिलं. नीट ठेवा म्हटलं. मिस्बाला ताप होता, त्या गडबडीत मी पार विसरलो."

"पण तुम्ही विचारलं का नाही?" मी मॅडमना म्हणाले.

त्यांनी टिकलीला आत बोलावलं. टिकली म्हणाली, "मी अकरा संदेश पाठवले. अकराही वेळा लगेच उत्तर आलं."

"काय उत्तर?"

"आपली मागणी मिळाली. तंबोरा चार महिन्यांत तयार होईल. लोभ असावा."

अब्बूंनी दवाखान्याच्या फॉर्मवर कारखान्याचा नंबर लिहिला होता! आणि कारखान्याचा फोन आपोआप उत्तर देतो. तीन आठवडे ही दोन यंत्रं एकमेकांशी गोड गोड बोलत होती आणि इकडे माझी बहीण तेवीस ग्रेच्या रांगेत उभी होती.

"अगं, तोंड नव्हतं का तुला?" मी टिकलीवर खेकसले. "दर खेपेला या बाकावर बसतो आम्ही तुझ्यासमोर! 'पाकीट आणलं का?' एवढं विचारायला काय झालं होतं?"

"उत्तर मिळाल्याची नोंद होती," टिकली म्हणाली. बिचारीला शरमता येत नाही, नाहीतर शरमली असती.

मॅडम मात्र शरमल्या. "चूक आमचीही आहे. पण आता ऐका. ऑपरेशनला चार आठवडे होत आले. याहून थांबलो तर लपलेल्या पेशींना वाढायला वेळ मिळेल. सोमवारी सुरू करावंच लागेल. उद्या सकाळपर्यंत तुकडा आला तर रविवारी संध्याकाळी प्रकार कळेल. नाही आला तर तेवीस."

आम्ही घरी कसे आलो ते मला आठवत नाही. उस्ताद घोडी घासत बसले होते.

"उस्ताद, ते पिवळं पाकीट कुठंय?"

"कुठलं? हां, ते. त्यात तर मेण होतं. मेणाच्या डब्यात टाकलं की."

मेणाचा डबा करवतीशेजारी असतो. पातं लाकडात अडकू नये म्हणून त्याला मेण चोळतात. मोठं लाकूड यंत्र कापतं, पण बारीक कामाला आमचे कारागीर शकूरचाचा यांची करवत रोज चालते.

"पण त्यात मिस्बाच्या गाठीचा तुकडा होता!"

"कसली गाठ?" उस्ताद म्हणाले. "तिच्या डोक्यात पाणी झालं होतं ना?"

दारात अम्मी उभी होती. ती मला खुणेने गप्प राहा म्हणत होती. तेव्हा मला कळलं. उस्तादांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी लहान म्हणून मला नाही आणि ते म्हातारे म्हणून त्यांना नाही. ज्या माणसाच्या हातात तो ठोकळा दिला त्यालाच ठोकळा काय आहे ते माहीत नव्हतं. मग त्याने मेण मेणात टाकलं तर त्याचं काय चुकलं?

मी गप्प नाही राहिले. सगळं सांगितलं: कर्करोग, किरण, कान, सोमवार, सगळं. अम्मी रडायला लागली.

उस्तादांनी कानस खाली ठेवली. मग अब्बूंना म्हणाले, "मला धक्का बसेल म्हणून सांगितलं नाहीस? आणि हा आता बसला तो काय आहे? माझ्या नातीची जान मी डब्यात टाकली आणि वर झाकण लावलं. लाज वाटली पाहिजे तुम्हाला." मग एकदम म्हणाले, "रुमू, डबा आण."

आम्ही सगळा डबा चादरीवर उपडा केला. चाळीसेक तुकडे निघाले. मधमाशीचं मेण पिवळसर आणि वासाचं असतं. हा ठोकळा पांढरा असणार आणि मधे तपकिरी ठिपका असणार, असं मॅडमनी सांगितलं होतं. मी एकेक तुकडा खिडकीच्या उजेडात धरत होते. पिवळा. पिवळा. पिवळा. शकूरचाचा शेजारी येऊन उभे राहिले, आणि हळूच म्हणाले, "पांढरी वडी होती एक. प्लॅस्टिकची चौकट होती तिला, ती मी मोडून टाकली. दोनदा पात्याला घासली. फार कडक होती, चोळलीच जाईना. म्हणून परत टाकली."

तिसाव्या का एकतिसाव्या तुकड्याला ती वडी सापडली. एका बाजूला करवतीचे दात उमटलेले. आणि त्या ओरखड्यांच्या अगदी शेजारी मसुरीएवढा तपकिरी ठिपका, थोडा खरवडलेला, पण होता. मेण कडक होतं म्हणून वाचला.

शनिवारी सकाळी उस्ताद स्वतः दवाखान्यात आले. ठोकळा रुमालात होता आणि रुमाल मुठीत.

"मॅडम, आधी मला एक सांगा," खुर्चीवर बसायच्या आत त्यांनी सुरुवात केली. "माझ्याकडे दहा घोड्या आल्या, दहाही दिसायला सारख्या. म्हणून मी दहांनाही तेवीस हात मारले तर लोक मला कारागीर म्हणतील? मी आधी प्रत्येक घोडी वाजवून बघतो. हाड कडक आहे की मऊ, ते ऐकतो. मग ठरवतो किती हात. आणि तुम्ही पोरांच्या डोक्याला न ऐकता हात लावणार होतात?"

"नाही लावायचा, उस्ताद," मॅडम म्हणाल्या. "पण ऐकायला घोडी समोर असावी लागते. आणि ती तुमच्या डब्यात होती."

उस्ताद हसले. त्या शुक्रवार-शनिवारात हसलेलं तेवढं एकच माणूस.

आता अडचण अशी होती की मोडलेल्या चौकटीबरोबर तिच्यावरचा मिस्बाचा नंबर गेला होता. हा तुकडा मिस्बाचाच, हे कशावरून? मॅडमनी मिस्बाच्या गालातून कापसाच्या काडीने लाळ घेतली. "गाठ बिघडलेल्या पेशींची असली तरी त्या मिस्बाच्याच पेशी आहेत," त्यांनी मला सांगितलं. "बिघाड थोड्याच सूचनांत असतो. बाकीच्या सूचना लाळेतल्या पेशींशी जुळल्या पाहिजेत. आधी ते जुळवू, मग बिघाड कुठला ते वाचू. बिघाडावरून प्रकार कळतो."

रविवार कसाबसा गेला. संध्याकाळी कारखान्याचा नाही, अब्बूंचा फोन वाजला.

"मी टिकली बोलतेय. मी माणसाशीच बोलतेय ना?"

"माणसाशीच!" मी ओरडले. "बोल लवकर!"

"तुकडा मिस्बाचा आहे. प्रकार विंट. मात्रा अठरा ग्रे ठरली आहे. कृपया कोणीतरी 'ऐकलं' असं म्हणा."

उस्ताद, अम्मी, अब्बू, शकूरचाचा, सगळे एकदम "ऐकलं!" म्हणाले. मिस्बानेही म्हटलं, काय चाललंय ते पुरतं न कळता. मग मी तिला शेजारी बसवलं आणि सगळं नीट सांगितलं. तिचंच डोकं होतं ते, तिला नको का माहीत?

"नुसते पाचच कमी?" ती म्हणाली. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

"बेटा, शेवटचे पाच हातच घोडीचा घात करतात," उस्ताद म्हणाले.

सोमवारपासून किरण सुरू झाले. आता सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. मिस्बाला उलट्या झाल्या, केस गेले, मुखवट्यात गुदमरतं म्हणून ती रडली. नंतर कित्येक महिने औषधं होती. तिचे कान आणि अभ्यास पुढची खूप वर्षं तपासत राहणार आहेत, कारण अठरा म्हणजे शून्य नव्हे. आणि तिच्या शेजारच्या खाटेवर सात वर्षांचा अद्वैत होता. त्याच्या गाठीचा प्रकार वेगळा निघाला. त्याची मात्रा तेवीसच राहिली.

मी परत मॅडमच्या खोलीत गेले. "त्याने काय पाप केलंय?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्या प्रकारात कमी केलं तर धोका आहे, एवढंच आम्हाला आज कळतं. मेंदूजलात गाठीच्या डीएनएचे कण तरंगतात का, ते आता मोजता यायला लागलंय. ते वेळोवेळी मोजून कुणाला किती पुरेल हे ठरवता येईल का, यावर काम चालू आहे. मलाही राग येतो, रुमाना. राग असल्याशिवाय हे काम होतच नाही. पण रागाबरोबर मोजमाप लागतं."

तेव्हापासून मी एक वही केलीय. त्यात मी मोठ्यांना विचारायचे प्रश्न लिहिते. पहिल्या पानावर अद्वैतचा प्रश्न आहे. आणि टिकलीचा नियमही बदललाय. आता ती मुलांच्या बाकासमोर येऊन स्वतः विचारते, "तुकडा आला का? तो कशासाठी लागतो ते सांगू का?" आणि मूल हो म्हणालं तर सगळं सांगते.

परवा, आठ महिन्यांनी, मिस्बा पहिल्यांदा कारखान्यात येऊन बसली. डोक्यावर बोटभर केस आलेत. उस्तादांनी नवा तंबोरा पुढ्यात घेतला. शकूरचाचांनी करवत थांबवली. उस्तादांनी तार छेडली, कानस फिरवली, पुन्हा छेडली. मला सगळं सारखंच ऐकू येत होतं.

"अजून," मिस्बा म्हणाली.

उस्तादांनी घासलं. छेडलं.

"अजून."

पुन्हा घासलं. उस्ताद मान तिरकी करून ऐकत राहिले आणि त्यांनी कानस परत उचलली.

"उस्ताद, बस!" मिस्बा ओरडली. "अजून एक हात मारलात तर बिघडेल. ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"नाही येत, बेटा," उस्ताद म्हणाले, आणि कानस खाली ठेवून दिली.